नारिंगी शंभरावर

लुद्विक घरी आला तेव्हा त्याच्या सपाता दुसऱ्याच्या पायांत होत्या.

पाहुण्यांसाठीचे तीन जोड दाराशी जागच्या जागी होते. ते कोणी हलवले नव्हते. त्याच्या राखाडी लोकरी सपाता मात्र, ज्यांच्या टाचा त्याने वर्षानुवर्षं दाबून आपल्या मापाच्या केल्या होत्या, स्वयंपाकघरात टेबलाखाली एकावर एक आरामात पडल्या होत्या. त्यांत इग्नात्सीचे पाय होते. आणि टेबलावर इग्नात्सीपुढे आंबट सूप होतं, अर्ध्या उकडलेल्या अंड्यासकट.

"आलास?" ग्राझिना म्हणाली. "हात धू आणि बस. आमचं आरशाचं चाललंय."

"डॉक्टरसाहेब, नमस्कार," इग्नात्सी अर्धवट उठला. "तुमच्या सपाता फार ऊबदार आहेत हो."

"असणारच," लुद्विक म्हणाला. "माझ्याच पायांनी तापवल्यात."

इग्नात्सी हसला. ग्राझिनाही हसली. लुद्विकने चौकटीच्या कापडाचा पाहुण्यांचा जोड पायांत सरकवला आणि स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा कडेच्या खुर्चीवर बसला.

तिघं व्रोत्सवाफ शहरातल्या एकाच प्रयोगशाळेत कामाला होती. ग्राझिना काच वितळवायची, लुद्विक त्या काचेतून निघणारा उजेड मोजायचा. संस्थेत लोक म्हणत, ती ओतते आणि तो तोलतो. दोघांच्या लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली होती आणि कामाची ही वाटणी लग्नाच्याही आधीची. त्यात शरद ऋतूत हा इग्नात्सी आला. तिशी नुकती ओलांडलेला, कागद-पेन्सिलवाला, हाताने काही करायचं म्हटलं तर चहाचा पेलाही सांडणारा. वर्षभराचीच नेमणूक होती. पुढे ठेवायचं की निरोप द्यायचा, ते प्रयोगशाळेच्या प्रमुख स्कोव्रोनेकबाई वसंतात ठरवणार होत्या. लुद्विकच्या लेखी ते ठरल्यात जमा होतं. पाहुणा वसंतात जातो, बर्फासारखा.

पण पाहुणा जाईपर्यंत काय काय घेऊन जातो, याचा हिशोब लुद्विकच्या डोक्यात आपोआप मांडला जायचा. तोंडाने तो कधी काही बोलला नाही. मनात मात्र सगळं जमेला होतं. नववर्षाच्या मेजवानीत ग्राझिनाने आणि इग्नात्सीने कोपरात कोपर अडकवून पेला रिकामा केला होता, आणि त्या घोटानंतर दोघं अरे-तुरेवर आली होती. लुद्विकला तो अजून 'डॉक्टरसाहेब' म्हणत होता. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला इग्नात्सीचा नामदिन, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा दिवस, आला तेव्हा ग्राझिनाने घरून पनीरचा केक भाजून नेला, मनुका घालून. लुद्विकचा नामदिन ऑगस्टात असतो. तेव्हा ती म्हणाली होती, एवढ्या उकाड्यात भट्टी कोण पेटवणार? आणि केक दुकानातून आला होता. दिवसभर भट्टीपुढे उभं राहणाऱ्या बाईला भट्टीचा उकाडा वाटतो, हे लुद्विकने तेव्हा पटवून घेतलं होतं. आता ते पटेनासं झालं.

"तर बघ," इग्नात्सी चमचा बाजूला ठेवून ग्राझिनाला सांगत होता, "प्रकाशाला दोन हात असतात. एक विजेचा, एक चुंबकाचा. अणू बहुतेक वेळा विजेचाच हात धरतो."

"चुंबकाचा हात धरणारा कोण असतो, हे मला ठाऊक आहे," लुद्विक म्हणाला. "आमचा युरोपियम. पंचवीस वर्षं त्याचंच मीठ खातोय."

"तेच तर, डॉक्टरसाहेब! तो दोन्ही हात धरतो."

यात लुद्विकला नवं काही नव्हतं. काचेत युरोपियम हा धातू चिमूटभर टाकावा, वरून निळसर उजेड द्यावा, की ती काच लालभडक चमकते. यंत्रातून पाहिलं की त्या चमकेतले दोन रंग वेगळे होतात. लाल रंग विजेच्या हाताचा आणि फार हळवा. शेजारचे अणू जरा वाकडे बसले, काच जरा बदलली, की याचं तोंड लगेच फुगतं नाही तर पडतं. शेजारची नारिंगी छटा चुंबकाच्या हाताची. त्या हाताकडे लग्नाच्या पंगतीत नवऱ्याच्या चुलतभावाकडे जितकं लक्ष जातं तितकंच जातं. पण त्याचा एक गुण असा, की काच कसलीही असो, शेजारी कोणीही बसो, तो हलत नाही. म्हणून जगभर या धंद्यातली माणसं त्याला सोनाराच्या गुंजेसारखं वापरतात. नारिंगीच्या मानाने लाल किती, एवढं सांगितलं की काच आतून कशी आहे ते कळतं.

लुद्विकच्या प्रयोगशाळेत त्याची रीतच पडून गेली होती. नमुना आत ठेवायचा, जाडं काळं बटण फिरवायचं, पडद्यावर नारिंगी शिखर बरोबर शंभराच्या रेघेला टेकवायचं आणि मगच लाल वाचायचा. "नारिंगी शंभरावर," असं तो नमुना ठेवता ठेवता पुटपुटायचा, जशी आजी दिवा लावताना काहीतरी पुटपुटते. त्याने कित्येकांना ते शिकवलं होतं.

"आता आरशाशी काय होतं बघ," इग्नात्सीने टेबलावरची दोरी उचलली. ती ग्राझिनाने केकच्या खोक्याची सोडून ठेवली होती. एक टोक त्याने टेबलाच्या कडेला बोटाने दाबलं आणि दुसरं हलवलं. "दाबलेल्या टोकाशी दोरी वर-खाली होत नाही. पण तिचा कल? तो तिथेच सगळ्यात जास्त बदलतो. वर-खाली म्हणजे वीज, कल म्हणजे चुंबक. चांदीच्या आरशाशी विजेचा हात लुळा पडतो आणि चुंबकाचा दुप्पट होतो. आपण युरोपियमला आरशाच्या अगदी जवळ बसवलं..."

"चांदीला न चिकटवता," ग्राझिना म्हणाली. "मध्ये साध्या काचेचा पातळ थर. चिकटला तर चांदी त्याचा उजेडच गिळेल."

"बरोबर. मग नारिंगी जोर धरेल."

"नारिंगी हलत नाही," लुद्विक म्हणाला.

"काच बदलून नाही हलत, डॉक्टरसाहेब. पण आपण प्रकाशच बदलतोय."

"मी थर ओतते," ग्राझिना म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. ते तसे नव्या भट्टीच्या वेळी चमकले होते, आणि त्याआधी लुद्विकला आठवतं त्याप्रमाणे, ओद्रा नदीच्या पुलावर तिला मागणी घातली तेव्हा. त्याने सूप संपवलं. ते गार झालं होतं.

तीन आठवड्यांनी नमुने आले. दोन छोट्या चकत्या, दोन्हींवर एकाच भट्टीतला युरोपियमचा थर. एक साध्या काचेवर, दुसरी चांदीवर. ग्राझिनाने त्या डबीत कापूस घालून आणल्या होत्या. लुद्विकसाठी आजवर ती नमुने कागदात गुंडाळून आणायची.

साधी चकती आधी. नारिंगी शंभरावर. लाल नेहमीसारखा उंच. मग चांदीची. बटण, नारिंगी शंभरावर. आणि लाल धाडकन खाली! निम्म्यालाही पोचेना.

या धंद्यातल्या कोणालाही विचारा, लाल असा पडला म्हणजे काय? म्हणजे काच आतून दाणेदार झाली. वितळलेलं अणूंचं गबाळं शिस्तीत रांगा धरून बसलं, स्फटिक झालं, आणि सगळीकडून सारखे शेजारी मिळाल्यावर लाल रंगाला रुसायला कारणच उरलं नाही. काच ओतणाऱ्याच्या हातून होणारी ही सगळ्यात वाईट चूक. दूध नासण्यासारखी.

लुद्विकने ते पाहिलं आणि त्याच्या मनातली गेल्या कित्येक महिन्यांची जळजळ कोणीतरी फुंकर मारून शांत केल्यासारखी झाली. आरसा नाही, चुंबक नाही, दोन हात नाहीत. नासलेली काच! काच कोणी ओतली होती, हा विचार त्याला त्या क्षणी शिवलाही नाही. मत्सराला डोळे दोन असले तरी दिसतो एकच माणूस.

शुक्रवारच्या बैठकीत त्याने आलेख पडद्यावर लावला. स्कोव्रोनेकबाई पुढे चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या. इग्नात्सी कडेला, ग्राझिना त्याच्या शेजारी.

"आमचे तरुण मित्र म्हणतात, आरशाने चुंबक जागा केला," लुद्विक म्हणाला. "मला वाटतं, आरशात पाहिल्यावर प्रत्येकाला आपणच सुंदर दिसतो. प्रत्यक्षात थर दाणेदार झालाय. लाल पडला, कारण काचेची काच राहिली नाही. चांदीवर तापवताना बिघडली. एवढंच."

कोणीतरी हसलं. इग्नात्सीचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. "पण नारिंगी वाढली असेल तरीही गुणोत्तर असंच..."

"नारिंगी इथे शंभर आहे," लुद्विकने काठी पडद्यावर टेकवली. "तिथेही शंभर आहे. वाढलीय कुठे, दाखवा."

इग्नात्सी आपले कागद चाळू लागला. स्कोव्रोनेकबाईंनी चष्मा खाली घेतला. "महिनाअखेरीला मला नेमणुकांचं कळवायचंय," त्या कोरडेपणाने म्हणाल्या. "तोवर काही नवं असेल तर बघू. नसेल तर नसेल."

लुद्विक जिंकला होता. त्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा त्याला कळलं की तो कोणाला हरवून बसलाय. ग्राझिना त्याच्याकडे पाहत नव्हती. ती आपल्या हातांकडे पाहत होती.

घरी तिने सूप वाढलं. मग म्हणाली, "माझी काच नासली म्हणालास."

"तसं नाही. म्हणजे, चांदीवर कोणाचीही..."

"चार लोकांत म्हणालास. काठी लावून दाखवलंस. माझी एक भट्टी आजवर दाणेदार झालेली दाखव."

"यंत्र सांगतं ते मी सांगितलं."

"यंत्र बरं बोलतं तुझ्याशी," ती म्हणाली आणि आपली वाटी घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

त्यानंतर घरात जेवण व्हायचं, कपडे धुतले जायचे, दिवे विझायचे. बोलणं तेवढं बंद होतं. संस्थेत मात्र ती इग्नात्सीपाशी बसून त्याला समजावताना दिसायची. एकदा लुद्विकने पाहिलं, तिने डब्यातून त्याला वाढलं, कोबीच्या पानात गुंडाळलेलं मांस, जे लुद्विकला फक्त नाताळच्या आसपास मिळायचं. हरलेल्या माणसाला एवढं मिळतं हे आधी कळलं असतं, तर लुद्विकने आयुष्यात दोन-चारदा हरून पाहिलं असतं.

आणि याच रुसव्यात त्याला ते आठवलं. दुपारची वेळ होती. तो दुसऱ्याच कोणाचा तरी नमुना लावत होता. हात बटणावर गेला, नेहमीच्या बाजूला फिरला, आणि थांबला. चांदीच्या चकतीच्या वेळी हात उलटा फिरला होता. नारिंगी शंभराखाली नव्हतीच की वर चढवावी लागावी. ती शंभराच्या कितीतरी वर होती. त्याने तिला खाली ओढून शंभरावर बसवलं होतं! हाताने ते केलं होतं आणि डोक्याला सांगितलं नव्हतं. डोक्याने तरी विचारलं कुठे?

त्याने दार लावलं. साधी चकती आत ठेवली, नारिंगी शंभरावर आणली, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा बटणावरून हात काढून पाठीमागे बांधला. चकती बदलली.

नारिंगी शिखर पडद्याच्या वरच्या कडेतून बाहेर गेलं. लाल पायाशी बसला होता.

काच दाणेदार झाली असती तर लाल पडला असता, पण नारिंगी जागची हलली नसती. इथे तर विजेचा हात गळून पडला होता आणि चुंबकाच्या हाताने अणूला धरून गदागदा हलवलं होतं. पोरगा खरा होता. त्याहून वाईट म्हणजे, हे अतिशय सुंदर होतं. लुद्विक बराच वेळ त्या नारिंगी रेघेकडे पाहत राहिला. पंचवीस वर्षं तो जिला मुंडी धरून शंभरावर बसवत आला होता, ती आज पहिल्यांदाच त्याला उभी दिसली.

मग त्याने दिवा बंद केला आणि हिशोबाला बसला.

गप्प बसावं, तर इग्नात्सी महिनाअखेरीला जातो. पण ग्राझिनाची काच जन्मभर दाणेदार राहते, आणि ती त्याच्याशी अशीच बोलत राहते, म्हणजे बोलतच नाही. शिवाय गेलेला माणूस बाईच्या मनातून जात नसतो, अन्याय होऊन गेलेला तर नाहीच. बोलावं, तर काच धुऊन निघते. पण इग्नात्सी हिरो होतो. होऊ दे. हिरो झालेली माणसं व्रोत्सवाफमध्ये राहतात थोडीच? त्यांना लांबलांबची बोलावणी येतात. ऑस्ट्रेलियातसुद्धा काचेचं काम चालतं. लुद्विकने मनातल्या मनात नकाशा उघडला आणि ऑस्ट्रेलिया कुठे आहे ते पाहिलं. फार लांब होता. त्याला बरं वाटलं.

दोन दिवस तो तरीही गप्प राहिला. का, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी त्याने स्कोव्रोनेकबाईंना, ग्राझिनाला आणि इग्नात्सीला यंत्रापाशी बोलावलं. साधी चकती लावली, नारिंगी शंभरावर आणली, मग हात पाठीमागे बांधून ग्राझिनाला म्हणाला, "दुसरी तू ठेव. मी कशालाही हात लावत नाही."

नारिंगी पडद्याबाहेर गेली. इग्नात्सीच्या तोंडून आवाजच निघाला, उचकीसारखा.

"थांबा," स्कोव्रोनेकबाई म्हणाल्या. "चांदी आहे खाली. आत सोडलेला उजेडच परतून दुप्पट झाला असेल. म्हणून चमक वाढली."

सगळे इग्नात्सीकडे वळले. तो अजून पडद्याकडेच बघत होता. आणि मग लुद्विकने स्वतःचाच आवाज ऐकला. "नाही बाई. तसं असतं तर लालही वाढायला हवा होता. दोघांचं खाणं एकच. एक फुगला आणि एक वाळला, म्हणजे खाण्याचा दोष नाही. थरही नितळ आहे. काच उत्तम आहे. चूक माझी होती, मी नारिंगीला खाली ओढून मापात बसवलं होतं." मग दात आवळून म्हणाला, "यांचं बरोबर आहे. चुंबकच आहे हा."

"डॉक्टरसाहेब!" इग्नात्सीने त्याला मिठीच मारली. लुद्विकने आपले हात कुठे ठेवायचे ते न सुचून पाठीमागेच ठेवले.

स्कोव्रोनेकबाईंनी पडद्याकडे पाहिलं, दोन्ही चकत्या स्वतः बदलून पाहिल्या, परत बदलून पाहिल्या. मग चष्मा कपाळावर चढवला. "हे असं अर्धवट सोडून कोणाला कुठे जाता येणार नाही," त्या म्हणाल्या. "इग्नात्सी, तुझ्या नेमणुकीचं मी लिहिते. एका वर्षाची नाही, कायमची. आरशापासून अंतर बदलून बदलून सगळं मोजायचं. हे पाच-सात वर्षांचं काम आहे. थर ग्राझिना ओतेल. आणि मोजणार लुद्विक. दुसऱ्या कोणाच्या हातात मी हे देणार नाही. तिघांना एकच खोली देते, कोपऱ्यावरची मोठी."

लुद्विकच्या डोक्यातला ऑस्ट्रेलिया समुद्रात बुडाला.

संध्याकाळी ट्राममध्ये ग्राझिना त्याच्या शेजारी बसली. कित्येक दिवसांनी. पूल मागे गेला तशी म्हणाली, "कधी कळलं तुला?"

"परवा."

"मग दोन दिवस माझी काच नासलेली होती तर."

लुद्विकने तिकीट खिशात कोंबलं.

"तो गेला असता तर तुला बरं वाटलं असतं," ती म्हणाली. "नाही नको म्हणूस. मी काय आंधळी आहे? सपातांकडे तू असा बघत होतास, जशी मीच त्यात पाय घालून पळून चाललेय."

"केक मनुका घालून केला होतास."

"अरे देवा!" ती मोठ्याने हसली. समोरच्या बाईने वळून पाहिलं. "शहाण्या, तो पोरगा येतो आणि मला विचारतो, थर चिकटतो कसा, चांदी काळी का पडत नाही, तापवताना तू काय ऐकतेस? वीस वर्षांत तू मला काय विचारलंस? 'पुढचा तुकडा कुठाय?' एवढंच."

ट्राम वळणावर कुरकुरली. लुद्विकने हातमोजे काढले, परत घातले. तो म्हणाला, "बरं, मग चांदी काळी का पडली नाही?"

ग्राझिनाने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. थट्टा नाही हे कळल्यावर ती जरा सरकून त्याच्याकडे वळली आणि सांगू लागली. आधी साध्या काचेचा थर कसा गार असतानाच चढवला, मग आच कशी चोरपावलांनी वाढवली, आणि भट्टीचा आवाज बदलतो तो नेमका क्षण कसा ओळखायचा. ती हातांनी दाखवत होती. तिचे डोळे चमकत होते. लुद्विक ऐकत होता, अगदी मनापासून ऐकत होता.

"हे इग्नात्सीला सांगितलंयस?" त्याने विचारलं.

"हे? सांगितलं ना. त्यानेच तर पहिल्यांदा विचारलं."

लुद्विकने मान डोलावली. त्यांचा थांबा अजून लांब होता. बाहेरच्या दुकानांचे दिवे मागे पळत होते. तो कपाळाला आठ्या घालून एक प्रश्न शोधू लागला. भट्टीबद्दल, काचेबद्दल, कशाहीबद्दल चालला असता, फक्त त्या पोराला अजून सुचलेला नको होता.